चांदमारी

लष्करी छावण्यांनी मराठीला जे शब्द दिले त्यांत 'चांदमारी' हा मला सर्वांत देखणा वाटतो. चांद म्हणजे निशाणाचा गोल. त्या गोलावर मारा करण्याचा सराव ती चांदमारी, आणि जिथे हा सराव चालतो त्या मैदानालाही चांदमारीच म्हणायचे. गोळीबाराच्या मैदानाला असे नाव देणारा तो कोण अनामिक शिपाई असेल, त्याच्या डोक्यात काव्य होते की केवळ थट्टा, हे आता कळण्याचा मार्ग नाही. चंद्रावर नेम धरणाऱ्याची थट्टा त्यात असावी असा माझा कयास आहे. कारण बंदुकीच्या पल्ल्याविषयी माणसे बोलू लागली की हळूहळू चंद्रापर्यंत पोहोचतात, हा अनुभव मी गेली काही वर्षे घरात घेत आलो आहे.

त्याचे कारण माझा भाचा. पैठण तालुक्यातल्या खेड्यातून तो भरतीच्या तयारीसाठी माझ्याकडे गारखेड्यात राहायला आला. पहाटे विभागीय क्रीडा संकुलाच्या परिसरात धावणे, दुपारी अभ्यासिका, आणि रात्री मोबाइलवर जगातील यच्चयावत रायफलींची चलच्चित्रे, असा त्याचा दिनक्रम. जेवताना तो मला प्रश्न विचारी. "मामा, सिग सातशे सोळाची रेंज सहाशे मीटर आहे, आणि एके दोनशे तीनची तीनशेच. मग आपल्या लष्करानं दोन्ही का घेतल्या?" मी आयुष्यभर महाविद्यालयात मराठी शिकवले. बंदुकीशी माझा संबंध महाविद्यालयीन वयात एन.सी.सी.मध्ये पंचवीस यार्डांवरून पॉइंट टू-टूच्या छऱ्याएवढ्या गोळ्या झाडण्यापुरता. तरी प्रश्न टाळता येईना. ज्या मुलाला उद्या कदाचित खरोखरच ते यंत्र हातात घ्यायचे आहे, त्याच्या मनात त्या यंत्राविषयी कोणते आकडे आणि कोणत्या अर्थाने बसत आहेत, ही मला उगाच चौकशीची बाब वाटेना. बहिणीचा एकुलता मुलगा आहे तो.

तेव्हा वाचू लागलो, आणि सापडले ते ज्यांच्याकडून पडताळून घ्यावे असे एक गृहस्थ आमच्याच गल्लीत निघाले. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांना ते आवडणार नाही. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येते, म्हणून बोलताना ते उजवा कान आपल्याकडे करून बसतात. उजव्या खांद्यावरून बंदूक चालवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो, त्यामुळे जुन्या शिपायांचा बहुधा डावाच कान आधी जातो, हे त्यांनीच मला सांगितले.

पहिली अडचण शब्दांची. इंग्रजीत 'रेंज' हा एकच शब्द सगळीकडे वापरला जातो आणि घोटाळा तेथेच सुरू होतो. मराठीत निदान दोन शब्द आहेत, पल्ला आणि टप्पा. मी माझ्या सोयीसाठी त्यांची वाटणी करून टाकली. गोळी जाऊन जाऊन जेथवर जाईल तो पल्ला. आणि जेथवर धरलेला नेम लागण्याची रास्त अपेक्षा करता येईल तो टप्पा. 'हरिण टप्प्यात आले' असे शिकारी म्हणत, तेव्हा त्यांना गोळी तिथवर पोहोचते एवढेच म्हणायचे नसे. थ्री-नॉट-थ्रीच्या गोळीचा पल्ला तीन किलोमीटरच्या आसपास भरतो. तेवढ्या अंतरावर ती कोणाला लागली तर तो अपघात. नेम म्हणता येणार नाही. (दौलताबादच्या मेंढा तोफेपाशी वाटाडे जो पल्ला सांगतात तो माझ्या लहानपणापासून आजपर्यंत बराच वाढला आहे. तोफ जागची हललेली नाही.)

आता टप्पा ठरतो कसा? येथे मला आपल्या पंचांगाची मदत झाली. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग विकला. नेमबाजीचे बरेचसे गणित याच कलेत चालते. एक कला म्हणजे शंभर मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर, तीनशे मीटरवर साधारण पावणेनऊ सेंटिमीटर. योगायोग असा की निरोगी मानवी डोळ्याची दोन बिंदू वेगळे ओळखण्याची मर्यादाही साधारण एक कलाच आहे. नेत्रवैद्याच्या भिंतीवरचा तक्ता याच हिशोबाने आखलेला असतो. म्हणजे ज्या रायफलीची चूक एका कलेहून कमी, ती उघड्या डोळ्यापेक्षा अचूक झाली.

साधी लष्करी रायफल, साध्या लष्करी काडतुसासह, घट्ट शिकंज्यात आवळून झाडली तरी तिच्या गोळ्या दोन ते चार कलांच्या वर्तुळात विखुरतात. तीन कला धरल्या तर तीनशे मीटरवर हे वर्तुळ सव्वीस सेंटिमीटरचे, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढे. माणसाची छाती ताटाहून रुंद असते. तेव्हा यंत्राच्या बाजूने पाहिले तर तीनशे मीटरवर एकही गोळी वाया जाऊ नये. सहाशे मीटरवर हेच वर्तुळ अर्ध्या मीटरहून मोठे होते आणि मग यंत्रच दगा देऊ लागते. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो खूश झाला, कारण त्याचे आकडे बरोबर ठरत होते. पण शिकंजा बाजूला करून तेथे माणूस ठेवला की हे ताट कुठच्या कुठे पसरते, हे त्याच्या चलच्चित्रांत नव्हते.

या विखुरण्यातला अर्धा वाटा बंदुकीचा नसून काडतुसाचा असतो, हेही आपण विसरतो. प्रत्येक काडतुसात दारू जराशी कमी-जास्त, प्रत्येक गोळीचे वजन केसभर वेगळे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा; वरणगावची आयुध निर्माणी १९६४ ची. आपल्या शिपायांनी झाडलेल्या असंख्य गोळ्या या दोन ठिकाणच्या मराठी कामगारांच्या हातांखालून गेल्या आहेत. रायफलीचे नाव सर्वांना ठाऊक असते. काडतुसाच्या बुडावरचे ठसे कोणी वाचत नाही.

मग वारा आणि गुरुत्वाकर्षण. थ्री-नॉट-थ्रीची १९१० सालची गोळी ११.३ ग्रॅमची, नळीतून सुटताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ७४४ मीटर. तीनशे मीटर जायला तिला जवळपास अर्धा सेकंद लागतो, आणि अर्ध्या सेकंदात कोणतीही सोडलेली वस्तू, मग ती गोळी असो की चिंच, जवळजवळ सव्वा मीटर खाली येते. म्हणून नळी थोडी वर उचलून धरावी लागते; किती उचलायची ते सांगायला मागची दर्शिका, जिच्यावर अंतराचे आकडे कोरलेले असतात. अंतराचा अंदाज चुकला की गोळी पायाशी पडते किंवा डोक्यावरून जाते. आडवा वारा ताशी पंधरा किलोमीटरचा असला तर सहाशे मीटरवर ती हातभराहून अधिक बाजूला सरकते. कारगिलसारख्या उंचीवर तर सगळाच हिशोब बदलतो. पाच हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या साठ टक्केच दाट, तिचा विरोध कमी, त्यामुळे गोळी अपेक्षेपेक्षा वर लागते. थंडीने दारू मंद जळते, त्यामुळे ती खाली यावी. आणि चढावर नेम धरा वा उतारावर, दोन्हीकडे पुन्हा वर. १९९९ साली खालच्या मैदानात नेम बसवलेल्या रायफली घेऊन जी मुले रात्री ते कडे चढली, त्यांना हे सारे वर जाऊन नव्याने बसवावे लागले.

दर्शिकेवरच्या आकड्यांचा इतिहास हा मला या सगळ्या वाचनातला सर्वांत विचारप्रवर्तक भाग वाटला. १८५३ च्या एन्फील्ड रायफलीची दर्शिका नऊशे यार्डांपर्यंत जाई. पुढे ली-एन्फील्ड आली. तिच्या मागच्या दर्शिकेवर दोन हजार यार्डांपर्यंत खुणा, आणि शिवाय बाजूला आणखी एक तबकडी, जी अठ्ठावीसशे यार्डांपर्यंत, म्हणजे अडीच किलोमीटरच्याही पुढे. ढोबळमानाने गारखेड्याच्या आमच्या गच्चीवरून क्रांती चौक. एवढ्या अंतरावर घोडेस्वार ठिपक्याएवढाही नीट दिसत नाही. पण कल्पना अशी होती की शंभर शिपायांनी एकदम नळ्या आभाळाकडे करून हुकुमाबरोबर बार काढायचे आणि दूरच्या फौजेवर गोळ्यांचा पाऊस पाडायचा. नेम कोणा एकाचा नाहीच. नेम अधिकाऱ्याचा, शिपाई म्हणजे फक्त नळ्या. पहिल्या महायुद्धात हे काम मशीनगन आणि तोफा कितीतरी चांगले करतात असे दिसले आणि १९१६ च्या सुमारास ती तबकडी गुपचूप काढून टाकण्यात आली.

त्यानंतरचा प्रवास उलट दिशेने आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर चार रायफलीवर तेराशे यार्ड. १९६० च्या दशकात आपल्याकडे आलेल्या ७.६२ च्या एसएलआरवर सहाशे. १९९० च्या दशकातल्या इन्सासचा सांगितला जाणारा टप्पा चारशे मीटर. धातूशास्त्र सुधारले, दारू सुधारली, यंत्रे हजारपट काटेकोर झाली, आणि शंभर वर्षांत बंदुकीवर कोरलेला आकडा मात्र पाचव्या हिश्शावर आला. प्रगती म्हणजे आकडा वाढणे अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी यावर जरा थांबावे.

याचे कारण कोणी दिले? १९५२ साली, कोरियातले युद्ध चालू असताना, अमेरिकेच्या लष्करासाठी नॉर्मन हिचमन यांनी एक अहवाल लिहिला. त्यांनी बंदुका तपासण्याऐवजी लढाया तपासल्या. जखमा कशा झाल्या, किती अंतरावरून झाल्या, निरनिराळ्या प्रदेशांत जमिनीच्या चढउतारामुळे माणसाला मुळात किती दूरचे दिसू शकते, हे पाहिले. निष्कर्ष असा, की तीनशे यार्डांपलीकडे शिपाई क्वचितच गोळी झाडतो, कारण त्यापलीकडे त्याला शत्रू सहसा दिसतच नाही. आणि शंभर यार्डांनंतरच नेम लागण्याचे प्रमाण झपाट्याने घसरते, अगदी तरबेज नेमबाजांचेसुद्धा. जर्मनांना हे महायुद्धातच उमगले होते आणि त्यांनी आखूड काडतुसाची रायफल काढली. कलाशनिकोव्हची रायफल त्याच विचाराची. तिच्या दर्शिकेवर आठशे मीटर लिहिलेले असते खरे, पण ते लिहायचे म्हणून.

भाच्याला हे पटेना. तीनशे मीटर म्हणजे काहीच नाही, असे त्याचे म्हणणे. मी त्याला एके दिवशी पहाटे संकुलावर एक हिशोब सांगितला. चारशे मीटरची प्रमाण धावपट्टी बाहेरच्या कडा धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १७५ मीटर भरते. त्याचा एक मित्र पलीकडच्या वळणावर उभा राहिला. चेहरा ओळखू येत नव्हता. सदरा कोणत्या रंगाचा एवढे कळत होते. तीनशे मीटर म्हणजे याच्या पावणेदोनपट. तेवढ्या अंतरावर रायफलीच्या टोकाची माशी उभ्या माणसाएवढी, किंवा त्याहूनही रुंद दिसते. नेम धरताना माणूस माशीआड झाकला जातो. आणि तो माणूस संकुलावरच्या मित्रासारखा उभा राहून हात हलवीत नसतो. तो आडवा पडलेला असतो, दगडाआड असतो, मुख्य म्हणजे तोही तुमच्यावर झाडत असतो.

सुभेदारांना मी हिचमनच्या अहवालाविषयी सांगितले तेव्हा ते म्हणाले, "हे लिहायला साहेबाला अमेरिकेतून यावं लागलं होय?" ते श्रीलंकेत होते, १९८७ नंतरच्या शांतिसेनेत. जंगलात मीटरभराहून लांब एसएलआर घेऊन वाट काढायची आणि समोरून स्वयंचलित रायफल सुटायची. सहाशे मीटरची बंदूक हातात आणि समोरचे झाड तीस मीटरवर. मी एकदा त्यांना विचारले, की तुम्ही किती लांबून... आणि प्रश्न पुरा करता आला नाही. त्यांनी तो पुरा झाल्यासारखे उत्तर दिले. "सर, खोकला ऐकू आला होता." एवढेच. त्या दिवशी त्यांच्या घरातला चहा जरा लवकर संपला.

हे ऐकल्यावर मला नाईक यशवंत घाडगे आठवले. रायगड जिल्ह्यातल्या माणगावचे हे वीर, तिसऱ्या बटालियनचे, म्हणजे सुभेदारांच्याच रेजिमेंटचे. १० जुलै १९४४, इटलीत वरच्या टायबर नदीचे खोरे. जवळच्या अंतरावरून मशीनगन सुटली आणि त्यांच्या तुकडीतले सगळे पडले. उरले ते एकटे. त्यांनी धावत जाऊन हातबाँब टाकला, मशीनगन बंद पडली. उरलेल्यांतल्या एकाला त्यांनी हातातल्या टॉमीगनने टिपले. मग गोळ्यांचे खोके बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून दस्त्यानेच उरलेल्या दोघांना मारले. आणि त्यानंतर, दुरून, लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बंदुकीची दोन्ही टोके या एका घटनेत आहेत. हातात धरलेले सोटे होऊन संपणारे एक, आणि चेहरा न पाहता दुरून मारणारे दुसरे.

पल्ल्यामागे सत्तेचा हिशोबही असतो, हे मला क्रांती चौकाने शिकवले. जुने लोक त्याला काळा चबुतरा म्हणत. जून १८५७ मध्ये येथल्या छावणीतल्या हैदराबाद कंटिंजंटच्या रिसाल्यात उठाव झाला. जनरल वुडबर्नची फौज येऊन तो मोडून काढण्यात आला आणि पकडलेल्यांना मृत्युदंड झाले. काळा चबुतरा त्याची खूण. १८५७ म्हटले की आपण सारे काडतुसाच्या चरबीविषयी बोलतो. पण त्या काडतुसामागे जी एन्फील्ड होती, तिचे त्यानंतर काय झाले याविषयी मी शाळेत काही ऐकले नव्हते. एन्फील्डच्या नळीत आतून पेचदार खोबणी असत. त्यामुळे गोळी स्वतःभोवती गरगरत सुटे आणि जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीच्या कितीतरी पट दूर नेमकी जाई. उठावानंतर हिंदी पलटणींसाठी इंग्रजांनी १८५८ आणि १८५९ साली याच बंदुकीच्या मुद्दाम वेगळ्या आवृत्त्या काढल्या. बाहेरून हुबेहूब एन्फील्ड, पण नळी आतून गुळगुळीत, रुंद; दर्शिका बिनआकड्यांची, साधी. गोऱ्या शिपायाचा टप्पा शेकडो यार्डांचा, काळ्या शिपायाचा जेमतेम शंभर. पुढेही कित्येक वर्षे हिंदी पलटणींच्या हाती एक पिढी मागची बंदूक दिली जाई: गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली की हिंदींकडे स्नायडर, गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड आली की हिंदींकडे मार्टिनी. अविश्वासाचे माप यार्डांत घेता येते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. ज्यांच्या हातात बंदूक देणे भाग होते, त्यांचा नेमच कापून टाकला.

आणि मग थ्री-नॉट-थ्री. महाराष्ट्राला ही बंदूक पोलिसांच्या खांद्यावर पाहण्याची इतकी सवय होती की ती गणवेशाचाच भाग वाटे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन अतिरेक्यांनी कलाशनिकोव्ह रायफलींतून ५८ जणांचे प्राण घेतले. त्यानंतर महिनोन्महिने वर्तमानपत्रांतून या जुनाट बंदुकीची कुचेष्टा चालली. पहिल्या महायुद्धातले हत्यार, वस्तुसंग्रहालयात ठेवण्याजोगे, वगैरे. ही कुचेष्टा मला तेव्हाही खटकली होती. आज तिच्यातले चुकीचे काय ते नेमके सांगता येते. स्थानकाच्या त्या दालनांत कोणतेही अंतर असे नव्हते जे थ्री-नॉट-थ्रीच्या टप्प्याच्या चौथ्या हिश्शापलीकडे जाईल. गोळीच्या जोरातही ती कलाशनिकोव्हहून सरसच. तिचे उणेपण वेगात: प्रत्येक बाराला खटका मागे ओढायचा, दहा गोळ्यांचे खोके, उत्तम शिकवलेला शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढील. हे उणेपण खरे आहे आणि त्या रात्री ते महागही पडले असेल. पण रेल्वे सुरक्षा दलाचे झिल्लू यादव यांनी सहकाऱ्याच्या हातची तीच बंदूक घेऊन बार काढले, आणि बंदूक चालेना तेव्हा प्लास्टिकची खुर्ची फेकून मारली. बंदुकीची चेष्टा करणाऱ्यांनी या खुर्चीचा विचार करायला हवा होता.

प्रश्न सरावाचा होता. राज्य शासनाने नेमलेल्या राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीनेही पोलिसांच्या गोळीबाराच्या सरावातली आणि त्यासाठीच्या दारूगोळ्यातली उणीव नोंदवली होती. ज्याने वर्षभरात चांदमारी पाहिली नाही त्याच्या हातात जगातली सर्वोत्तम रायफल दिली तरी तिचा टप्पा त्याच्या स्वतःच्या टप्प्याइतकाच. आणि हा टप्पा कुठल्याही माहितीपत्रकावर छापलेला नसतो. बंदुका बदलणे सोपे, कारण त्याची निविदा काढता येते. दर महिन्याला प्रत्येक शिपायाला मैदानावर नेऊन वीस गोळ्या झाडायला लावणे अवघड, कारण त्याचे छायाचित्र येत नाही. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी थ्री-नॉट-थ्रीला समारंभाने निरोप दिला. चांगलेच झाले. तिच्या जागी जी आली तिचा सराव किती होतो, हे संचलनात दिसत नाही.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे हातात फक्त काठी घेऊन उभे होते. त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या लागत असतानाही सोडली नाही. म्हणून तो जिवंत सापडला. या निबंधात मी जी सारी अंतरे मोजतो आहे, त्यांत हे एक अंतर शून्य आहे.

असो. भाच्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर अजून द्यायचे राहिले. दोन्ही का घेतल्या? भारतीय लष्कराने फेब्रुवारी २०१९ मध्ये ७२,४०० सिग रायफलींचा करार केला, ७.६२ चे मोठे काडतूस पुन्हा हातात आले. अफगाणिस्तानात अमेरिकनांनाही असाच अनुभव आला होता की उघड्या डोंगराळ मुलखात शत्रू पाचशे-सहाशे मीटरवरून मारतो आणि लहान गोळी तेथवर पोहोचली तरी निष्प्रभ होते. त्यात आता छातीवरची चिलखते. म्हणून शंभर वर्षे आखूड होत आलेला आकडा पुन्हा वाढू लागला आहे. २०२२ मध्ये अमेरिकेनेही ६.८ मिलिमीटरची जड रायफल निवडली. जेथे दूरचे दिसते तेथे लांब टप्प्याची, जेथे दिसत नाही तेथे आखूड टप्प्याची, असा हा साधा हिशोब. हिचमनने म्हटलेले यात खोटे ठरत नाही. दिसण्याची मर्यादा हीच मारण्याची मर्यादा, एवढेच तो म्हणाला होता. आता रायफलीवर दुर्बीण बसली आणि दिसण्याची मर्यादा सरकली.

मला स्वतःला एक उत्तर मात्र अधिक आवडते आणि ते क्रीडेतले आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या निशाणावर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, म्हणजे पाऊण कलेहूनही कमी. डोळ्याच्या मर्यादेच्या आत. तेथे एक गुडघा टेकून, आडवे पडून आणि उभे राहून, अशा तिन्ही स्थितींत नेम धरायचा. दुर्बीण नाही. समोर कोणी झाडत नाही हे खरे. पण स्वतःची नाडी असते, आणि ती प्रत्येक ठोक्याला नळी हलवते. भाचा या सामन्याच्या वेळी दूरचित्रवाणीसमोर श्वास रोखून बसला होता. पन्नास मीटर या अंतरावर एरवी तो हसला असता.

सुभेदारांनी त्याला गच्चीवर बोलावून काठीने धडे दिले ते त्याच आठवड्यात. बंदूक नाहीच, खराट्याचा दांडा. त्यांचे सारे शिक्षण एकाच गोष्टीवर: पाच गोळ्या एका जागी. ती जागा मध्यावर असली पाहिजे असे नाही. "आधी गोळ्या एकत्र येऊ द्यात. एकत्र आल्या की त्यांना कुठं न्यायचं ते दर्शिका बघंल. विखुरल्या तर दर्शिका काय करणार?" मला हे ऐकून फार बरे वाटले. चुकीच्या जागी पण सातत्याने लागणारा माणूस सुधारता येतो. कधी मध्यावर, कधी आभाळात, असा माणूस सुधारता येत नाही, त्याच्या मध्यावरच्या गोळीने तर अधिकच फसगत होते. मी विद्यार्थ्यांचे निबंध तीस वर्षे तपासले आहेत.

गेल्या वर्षी भाचा अग्निवीर म्हणून निवडला गेला. बहीण आनंदाने रडली आणि मग नुसतीच रडली. प्रशिक्षण केंद्रावरून त्याला रविवारी दूरध्वनी करता येतो. पहिल्या गोळीबारानंतर त्याने मला सांगितले, पंचवीस मीटरवर पाच गोळ्या, चार इंचांत. रेंजविषयी काही बोलला नाही. मी म्हटले, वा. मग हा निरोप घेऊन सुभेदारांकडे गेलो. त्यांनी उजवा कान पुढे केला, ऐकून घेतले, मान हलवली.

"चार इंच म्हणजे पहिल्यांदा ठीक आहे," ते म्हणाले. "कानांत बोळे घालतात का, ते विचारा."

विचारले. घालतो म्हणाला.